स्मृती राइड: माथेरान आणि बोरघाटाच्या चढांची वेळ कशी मोजावी?

दादर_पहाट

नमस्कार मंडळी. आमच्या दादर-माटुंगा भागातल्या सायकल ग्रुपचे एक ज्येष्ठ काका गेल्या वर्षी गेले. सपाटीवरच्या वेगाचं त्यांना काही वाटायचं नाही, चढ मात्र ते कायम घड्याळ लावून चढायचे. त्यांच्या नावाने जानेवारीतल्या एका रविवारी राइड करायची आहे. साठेक जण येतील. रोड बाइक आहेत, हायब्रिड आहेत, काही जाड टायरच्या एमटीबी (माउंटन बाइक) ही आहेत.

सगळ्या राइडची शर्यत करायची नाही. फक्त घाटाच्या चढांची वेळ घ्यायची आणि तिची बेरीज करायची. बाकीचा रस्ता सगळ्यांनी मिळून कापायचा. बोरघाट, मग माथेरान आणि परत येताना खारघरची टेकडी, असे तीन चढ मनात आहेत. चिप टायमिंग (प्रत्येकाला चिप लावून यंत्राने वेळ घेणं) परवडणार नाही.

निकालावरून वाद होणार नाही अशी वेळ हाताने घेता येईल का? चढांचा हा क्रम बरोबर आहे का? परवानग्या कुणाकुणाच्या लागतील? साध्या सायकलवाल्यांना आधी काय सांगून ठेवावं?

कर्जतकर

खारघर सोडून द्या. वेळ घ्यायच्या प्रत्येक चढाला खाली एक टोळी लागते आणि वर एक. दोन चढांत ती माणसं एका जागेवरून दुसरीकडे हलवता येतात. तिसऱ्या चढापर्यंत साठ जण वीस किलोमीटरवर पांगलेले असतात आणि ऊनही चढलेलं असतं.

क्रम उलटा करा, माथेरान आधी घ्या. रविवारी नेरळहून वर जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या नऊच्या सुमारास वाढू लागतात. त्यानंतर चढाच्या वरच्या टोकाच्या दस्तुरी नाक्याच्या पार्किंगपासून खाली रांग लागते आणि अरुंद वळणांवर टॅक्सीवाले, सायकलवाले एकमेकांच्या अंगावर येतात. सातला पहिला माणूस सोडलात तर साडेआठपर्यंत चढ आटोपतो. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो, पण सातला रस्ता दिसण्याइतकं उजाडलेलं असतं. मागचा लाल दिवा तरी प्रत्येकाचा चालूच हवा.

चढ सुमारे सात-साडेसात किलोमीटरचा आहे आणि उंची सातशे मीटरच्या आसपास मिळते. सरासरी नऊ टक्क्यांच्या पुढे जाते, त्यामुळे दम घ्यायला सपाटी जवळजवळ मिळतच नाही. शेवटची रेघ दस्तुरीच्या पार्किंगमध्ये ठेवू नका. निदान अर्धा किलोमीटर अलीकडे, रस्ता सरळ आणि बाजूला उभं राहायला जागा आहे अशी जागा आदल्या रविवारी जाऊन पाहा. आदला रविवार मुद्दाम म्हणतोय. बुधवारी पाहिलेला माथेरानचा रस्ता रविवारी तसा नसतो.

जुम्मापट्टीच्या भागात मिनी ट्रेनचे रूळ रस्ता ओलांडतात. पहाटे रुळांवर दव असतं आणि २५ मिलिमीटरचं टायर रुळालगतच्या खाचेत सहज उतरतं. चढताना वेग कमी असतो म्हणून निभावतं. उतरताना मात्र सायकल रुळाला काटकोनात नेलीच पाहिजे आणि रुळावर ब्रेक अजिबात दाबायचा नाही. तिथे शिट्टी घेऊन एक माणूस उभा करा.

नंतर नेरळ-कर्जत-पळसदरी-खोपोली असे तीसेक किलोमीटर सगळे एकत्र, आणि मग बोरघाट. इथे वेळ शिंगरोबाच्या देवळाच्या दोनशे मीटर अलीकडे थांबवा. देवळासमोर ट्रक आणि बसवाले नाणं टाकायला वेग कमी करतात, काही थांबतात. शर्यतीच्या भरातला सायकलवाला तिथे थेट त्यांच्या मागच्या बंपरवर जाईल. देवळाच्या वर काही अंतराने जुना रस्ता एक्सप्रेसवेला मिळतो आणि एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे. म्हणजे खंडाळ्यापर्यंतची वेळ घेण्याचा विचारच नको.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. काका चढाचे भक्त होते तर या घाटात त्यांच्या नावाने घड्याळ लावणं शोभून दिसेल. पण ही वाहती वाट आहे हे विसरू नका. वरून येणाऱ्या जड गाड्यांचे ब्रेक उतारावर तापलेले असतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये शिंगरोबाजवळच पुण्याहून येणारी बस दरीत कोसळून अनेकांचा जीव गेला होता. त्या सकाळी वाहतूक जास्त दिसली तर बोरघाटाची वेळ रद्द करायची आणि निकाल एकट्या माथेरानवर लावायचा, हा नियम आधीच छापून ठेवा. ऐनवेळी ठरवायला गेलात तर जो पुढे असेल तो ऐकणार नाही.

सेकंदकाटा

हाताने घेतलेली वेळ पूर्ण विश्वासार्ह असू शकते, फक्त पद्धत पक्की हवी.

सगळ्यांना एकदम सोडू नका. एकेकाला ३० सेकंदांच्या अंतराने सोडा. साठ जण अर्ध्या तासात निघतात. सुटायची वेळ यादीत आधीच छापलेली असते आणि घड्याळ त्या वेळेलाच सुरू होतं, माणूस उशिरा आला तरी. असं केलं की खालच्या टोळीला वेळ टिपावी लागत नाही, फक्त यादीप्रमाणे सोडायचं. न आलेल्यावर काट मारायची.

सर्वांत सावकाश चढणारे आधी सोडा, तेज शेवटी. तेज माणूस ३५ मिनिटांत वर येईल, सावकाश चढणाऱ्याला ८० लागतील. सावकाश गडी सातला सुटला तर ८.२० ला वर पोचतो, तेज गडी साडेसातला सुटून ८.०५ ला. सगळे जवळपास एकाच वेळी वर येतात. उलट क्रमाने सोडलंत तर शेवटचा माणूस नऊच्या गर्दीत सापडतो आणि पहिला सव्वा तास घामात गारठतो.

घड्याळं जुळवणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. फोन नेटवर्कवरून वेळ घेतात तरी दोन फोनांत एखाद्या सेकंदाचा फरक निघू शकतो. नेरळला खालचा आणि वरचा फोन शेजारी ठेवून, सेकंद दिसणारं घड्याळ उघडून, तिसऱ्या फोनने दोघांचा एकत्र व्हिडिओ घ्या. फरक दिसला तर तो लिहून ठेवा आणि निकालात धरा. मग दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे घाटात नेटवर्क येत-जात राहिलं तरी घड्याळ मध्येच सरकणार नाही.

वरच्या रेघेवर कागदावर लिहीत बसू नका. तिघं एकदम आले की लिहिणारा गोंधळतोच. व्हॉइस रेकॉर्डर चालू करा, घड्याळ पाहून मोठ्याने म्हणा, “सात चाळीस, शून्य सेकंद,” आणि मग पुढचं चाक रेघेवर आलं की फक्त नंबर बोला, “चौदा.” रेकॉर्डिंग मध्ये बंद करायचं नाही. दर दहा मिनिटांनी पुन्हा घड्याळाची वेळ बोला. घरी शांतपणे ऐकून सेकंद काढता येतात आणि पुरावाही राहतो. दुसरा माणूस बाजूने व्हिडिओ घेईल. तिसरा पन्नास मीटर खाली उभा राहून येणाऱ्याचा नंबर ओरडेल, कारण शेवटच्या चढावर धाप लागलेल्या माणसाला स्वतःचा नंबर सांगता येत नाही.

नंबर हँडलबारवर पुढे आणि पाठीवर, दोन्हीकडे. आकडा निदान दहा सेंटिमीटर उंच. रेघ फक्कीने रस्त्याच्या दोन्ही कडांना वीतभर मारा, मधोमध नको, आणि दोन्हीकडे झेंडे लावा.

जीपीएसच्या वेळा निकालाला धरू नका. कारण साधं आहे. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. उपकरण रेघेची जागा आठ-दहा मीटर चुकलं तर तीन सेकंद गेले, आणि तेच वरच्या रेघेवर पुन्हा. एका बाजूला कडा आणि डोक्यावर झाडं असली की चूक वाढते. सपाटीवर ताशी ३६ ने जाणाऱ्याला दहा मीटरची चूक एका सेकंदात पडते. म्हणजे जिथे आपल्याला अचूकता हवी, नेमका तिथेच जीपीएस सर्वांत कच्चा.

हाताच्या पद्धतीतही एखाद्या सेकंदाची चूक धरावी. निकाल पूर्ण सेकंदांत लावा आणि एकूण फरक दोन सेकंदांपर्यंत असेल तर दोघांना बरोबरीत ठेवा. हेही आधीच छापा.

रोड बाइक आणि हायब्रिड-एमटीबी असे दोन गट कराच, महिलांचा आणि पन्नाशीपुढच्यांचा वेगळा. चढावर वजन थेट वेळेत दिसतं. माणूस धरून एकूण ८५ किलो आणि त्यात सायकल ४ किलोंनी जड, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत-बाहेर फरक. पन्नास मिनिटांच्या चढावर सव्वादोन मिनिटं नुसती सायकलची झाली.

तेलचेन

साध्या सायकलवाल्यांसाठी गिअरचं गणित मांडतो. पुढे ३४ दात आणि मागे ३२, चाकाचा घेर २.१ मीटर धरला, तर मिनिटाला ७० पेडलला ताशी साडेनऊ किलोमीटर होतात. आठ टक्क्यांवर ८५ किलोच्या एकूण वजनाला त्यासाठी १९० वॅटच्या आसपास लागतात, जे रोजच्या सायकलवाल्याला तासभर कठीणच आहे. माथेरानचा चढ त्याहून खडा आहे. हायब्रिडला पुढे २८ ची छोटी चकती असेल तर तीच ७० पेडल ताशी पावणेआठला मिळतात, आणि हायब्रिडवाल्याने तीच वापरावी. अडचण आहे ती पुढे ३९ आणि मागे २५ असलेल्या जुन्या रोड बाइकची. ताशी साडेनऊला तिची पेडलं ४८ वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर जातो. अशांनी महिनाभर आधी मागची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलावी. ३२ दातांची चकती लहान केजच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) झेपतेच असं नाही, तेव्हा दुकानात डिरेलरची क्षमता विचारून मगच कॅसेट घ्या. कॅसेट मोठी झाली की चेनही लांब लागते. पुढे मोठी आणि मागे मोठी चकती एकदम पडली तर आखूड चेन डिरेलर हँगरसकट (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) उपटते.

मागची लो लिमिटची स्क्रू (चेनला आऱ्यांच्या बाजूला जाण्यापासून अडवणारी) स्टँडवर नाही, चढावर तपासा. ताणाखाली हँगर थोडा वाकलेला असला की सर्वांत मोठ्या चकतीवरून चेन सुटून आऱ्यांत जाते. आणि हे नेमकं खड्या वळणावर, माणूस उभा राहून दाबत असताना होतं.

आता उतार. मला या सगळ्यात याचीच जास्त काळजी आहे. ८५ किलो वजन सातशे मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. पावणेदोन लिटर पाण्याला उकळी आणण्याएवढी ती उष्णता आहे, आणि ताशी वीस-पंचवीसने उतरलं तर बहुतेक सगळी ब्रेकमध्येच जाते. रिम ब्रेक असेल तर रिम तापते, ट्यूबमधला दाब वाढतो, जुन्या पंक्चरच्या पॅचचा गोंद सुटतो, नाहीतर रिम टेप सरकून ट्यूब आऱ्यांच्या भोकात फुगते. पुढचं चाक फुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून पुढच्या चाकात पॅचची ट्यूब चालणार नाही, असा नियमच करा.

ब्रेक धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा, सरळ भागात हवेला काम करू द्या. निम्म्यावर पाच मिनिटं सगळ्यांना थांबवा. डिस्क ब्रेकवाल्यांचा लिव्हर स्पंजासारखा आत जात असेल तर तेल तापलंय, ते थांबल्याशिवाय बरं होत नाही. डिस्कला बोट लावू नका, चटका बसतो.

आदल्या दिवशी प्रत्येक सायकलचे पॅड पाहा. पॅडवरच्या खाचा गुळगुळीत झालेल्या असतील तर तो माणूस सायकलवर उतरणार नाही, टेम्पोने उतरेल. यात भीड ठेवू नका.

कर्जतकर

तेलचेन यांना जोड. माथेरानला वर-खाली एकच रस्ता आहे. शेवटचा चढणारा वर पोचेपर्यंत एकालाही खाली सोडू नका. मग दहा-दहाचे गट, प्रत्येकाच्या पुढे एक मार्शल, त्याला ओलांडायचं नाही. दोन गटांत तीन मिनिटं.

दस्तुरीला थांबताना माकडांचा बंदोबस्त करा. केळी उघड्या खोक्यात ठेवलीत तर साठ जणांचा नाश्ता पाच मिनिटांत झाडावर जातो. झाकणाचे डबे आणा आणि ते गाडीतच ठेवा.

अर्जफाटे

नेरळ, कर्जत आणि खोपोली तिन्ही पोलीस ठाणी रायगड जिल्ह्यात येतात. अर्ज अलिबागला पोलीस अधीक्षकांच्या नावे करा, तिन्ही ठाण्यांना प्रती द्या, बोरघाटासाठी महामार्ग पोलिसांना वेगळं पत्र. माथेरान हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग आहे, तेव्हा वनखातं आणि नगरपरिषदेलाही कळवा आणि स्पीकर आणूच नका. निदान दीड महिना हाताशी ठेवा. अर्जात ‘सायकल सहल’ असं गुळमुळीत लिहू नका. एकेकटा सुटणार, चढाची वेळ घेणार, रस्ता बंद करण्याची मागणी नाही, स्वयंसेवक किती आणि कुठे, हे सरळ लिहा. काही घडलं तर तोच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो. विम्यालाही तेच लागू. वेळ घेतली जाणार आहे हे विमा कंपनीला आधी लेखी सांगा, नाहीतर दावा अडकतो.

काकांच्या नावाने निधी गोळा करणार असाल आणि तुमचा ग्रुप नोंदणीकृत न्यास नसेल, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणपती मंडळांना लागते तीच. नुसतं प्रवेशशुल्क घेऊन राइडवर खर्च करणार असाल तर हिशेब सगळ्यांना दाखवा, तेवढं पुरतं.

१०८ ची रुग्णवाहिका बोलावता येते, पण घाटात ती पोचायला वेळ लागतो. स्वतःची एक भाड्याने घ्या. चढ चालू असताना ती खाली नको, वरच्या अंगाला उभी ठेवा. वरून खाली येणं सोपं, सायकलींच्या रांगेतून वर जाणं अवघड. छाती दाबून पुनरुज्जीवन करायचं शिक्षण निदान सहा स्वयंसेवकांना द्या: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. चढाच्या शेवटी जोर लावणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसांची संख्या तुमच्याकडे कमी नसणार.

दादर_पहाट

मनापासून आभार. खारघर सोडलं, माथेरान आधी. दोन प्रश्न राहिले. पाणी-खाणं किती न्यायचं? आणि काकांची आठवण कशी जपावी, कारण फक्त सर्वांत तेज माणसाला ढाल देणं आम्हाला बरं वाटत नाहीये.

चिक्की_आणि_केळं

पाणी माणशी तासाला ६०० मिलिलिटर धरा. ६० जण, सायकलवर पाच तास, म्हणजे १८० लिटर. वीस लिटरचे नऊ जार झाले, बारा न्या, कारण सांडतं आणि डोक्यावर ओतलंही जातं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला एक. अर्ध्या लिटरात एक घातलं तर फायदा नाही, पोट बिघडतं. खायला माणशी दोन केळी, एक राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे. पोहे माथेरानच्या आधी नकोत. खाऊन लगेच नऊ टक्क्यांवर निघालेला माणूस तिसऱ्या वळणावर थांबतो. पोहे कर्जतला द्या, तिथे पुढे सपाटी आहे.

सायकली शनिवारी रात्री टेम्पोने नेरळला पाठवा, माणसं पहाटेच्या कर्जत लोकलने जातील. छोट्या हत्तीत आठ-दहा सायकली उभ्या बसतात, तेव्हा साठांना मोठा टेम्पो बघा. डिरेलरची बाजू दुसऱ्या सायकलीकडे येऊ देऊ नका आणि मध्ये जुनी गोधडी घाला.

सेकंदकाटा

ढालीबद्दल. काका घड्याळ लावून चढायचे म्हणता, तर अंदाजाची ढाल ठेवा. सुटण्याआधी प्रत्येकाने दोन्ही चढांची आपली एकूण वेळ चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची. चढताना मनगटावर घड्याळ नाही, हँडलबारवर मीटर नाही, फोन खिशात. ज्याची खरी वेळ लिहिलेल्या वेळेच्या सर्वांत जवळ, त्याला काकांच्या नावाची ढाल. यात ८० मिनिटांत चढणारा ३५ वाल्याच्या बरोबरीला येतो आणि स्वतःचा चढ कोण ओळखतो ते कळतं. तेज चढणाऱ्यांची गटवार यादी वेगळी लावा, ती लागतेच.

एक नंबरचा बिब (अंगावर लावायचा नंबर) कुणाला देऊ नका, तो काकांचा. फोटो, हार, दोन मिनिटांची शांतता नेरळला सुरुवातीलाच, सुटायच्या अर्धा तास आधी. घाटात रस्त्याकडेला साठ माणसं थांबवायची नाहीत.

दादर_पहाट

अंदाजाची ढाल ग्रुपवर सगळ्यांना पसंत पडली. शेवटचं विचारतो: चढाची वेळ चालू असताना मिनी ट्रेन आडवी आली आणि एखाद्याला रुळापाशी थांबावं लागलं तर?

सेकंदकाटा

त्या रविवारचं वेळापत्रक नेरळ स्टेशनवर आदल्या आठवड्यात विचारा आणि शक्य असेल तर सुटायची वेळ त्याप्रमाणे दहा मिनिटं पुढेमागे करा. तरीही प्रत्येक क्रॉसिंगवरच्या माणसाकडे जुळवलेलं घड्याळ आणि वही द्या. थांबलेल्याने पाय जमिनीवर टेकला ती वेळ, आणि रूळ मोकळा झाल्यावर त्याला सोडलं ती वेळ, नंबरासह लिहायची. मधला काळ त्याच्या वेळेतून वजा. चार जण थांबले तर ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, पाच-पाच सेकंदांनी सोडा, आणि वजावट प्रत्येकाची स्वतंत्र धरा. शिट्टी झाल्यावर ट्रेनच्या पुढून रूळ ओलांडणाऱ्याची त्या चढाची वेळ बाद. टॅक्सीमुळे किंवा गर्दीमुळे रखडलेल्याला वजावट नाही, कारण तिथे आपला माणूस घड्याळ घेऊन उभा नसतो.

रुळावर थांबून पुन्हा निघताना मागचा गिअर आधीच हलका करून ठेवायला सांगा. नऊ टक्क्यांवर जड गिअरमध्ये अडकलेल्याला चालत पुढच्या वळणापर्यंत जावं लागतं, आणि ती मिनिटं कुणी वजा करून देत नाही.